तारा गेला, विद्या राहिली

२८ जून १९२६ रोजी मानहाइमची बेंझ आणि श्टुटगार्टची डायम्लर या दोन कंपन्या एक झाल्या. डायम्लरचा तीन टोकांचा तारा आणि बेंझची पानांची माळ एका वर्तुळात आली आणि ‘मर्सिडीज-बेंझ’ हे जोडनाव गाड्यांवर झळकू लागलं. त्याला शंभर वर्षं झाली. शंभरीच्या निमित्ताने मॉडेलांची यादी देता येईल, शर्यतींचे विक्रम सांगता येतील. सुरतेच्या मराठी वाचकासाठी मात्र या इतिहासातलं दुसरंच एक पान उघडावंसं वाटतं.

सुरतेत मर्सिडीज म्हटलं की अजूनही सावजी ढोलकियांचं नाव निघतं. सप्टेंबर २०१८ मध्ये या हिरे व्यापाऱ्याने आपल्याकडे पंचवीस वर्षं काम केलेल्या तीन कर्मचाऱ्यांना प्रत्येकी सुमारे एक कोटीची मर्सिडीज एसयूव्ही भेट दिली. किल्ल्या दिल्या त्या गुजरातच्या माजी मुख्यमंत्री आनंदीबेन पटेल यांनी. वराछा-कतारगामच्या कारखान्यांत घंटीवर बसून हिरे घासणाऱ्या पोरांच्या डोळ्यांपुढे तेव्हापासून तो तारा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले. कर आणि उपकर मिळून ५० टक्क्यांपर्यंत जाणारा मोठ्या गाड्यांवरचा बोजा ४० टक्क्यांवर आला. त्याच्या महिनाभर आधी अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क बसवलं आणि हिरेबाजाराच्या पोटात गोळा आला. गाडी स्वस्त झाली ती नेमकी धंदा मंदावला तेव्हा.

माझं म्हणणं असं, की सुरतेवर या कंपनीचं खरं ऋण आहे ते ट्रकचं, आलिशान गाडीचं नव्हे. आणि तो ट्रक या देशात रुजवणारा इंजिनिअर मराठी होता.

बाईची हिंमत, व्यापाऱ्याची मागणी

कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. एक सिलिंडर, पाऊण अश्वशक्ती. गाडी तयार होती, गिऱ्हाईक नव्हतं. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बर्था नवऱ्याला न सांगता दोन्ही मुलांना घेऊन गाडीसह निघाली ती मानहाइमहून थेट फोर्झहाइमला, माहेरी. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत इंधन संपलं तेव्हा वीसलोखच्या औषधवाल्याकडून डाग काढायचं लिग्रोइन विकत घेतलं. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. लग्नाआधी आपल्या हुंड्याचा पैसा तिने कार्लच्या कारखान्यात घातला होता. त्या पैशाचं काय झालं हे जगाला दाखवायलाही तीच रस्त्यावर उतरली. चढावर गाडीला ढकलावं लागलं, म्हणून आणखी एक गिअर हवा, ही सूचना तिच्याच प्रवासातून आली.

दुसऱ्या घरात गॉटलीब डायम्लर आणि विल्हेल्म मायबाख होते. दोघे अव्वल यंत्रज्ञ. पण त्यांच्या गाडीला नाव मिळालं ते एका व्यापाऱ्याच्या मुलीचं. नीसमध्ये राहणाऱ्या एमिल येलिनेकने १९०० साली ३६ गाड्यांची मागणी नोंदवली आणि अट घातली, की नवं इंजिन माझ्या मुलीच्या, मर्सिडीजच्या, नावाने ओळखलं गेलं पाहिजे. नावाची गोष्ट सगळे सांगतात, तिच्यामागची मागणी मात्र राहून जाते. येलिनेकला गाडी अधिक वेगवान हवी होती, अधिक लांब हवी होती, जमिनीला धरून चालणारी हवी होती. मायबाखने ती तशी बनवली आणि घोडागाडीचा तोंडवळा टाकून मोटार पहिल्यांदा मोटारीसारखी दिसू लागली. व्यापाऱ्याने नुसती थैली सोडली नाही, त्याने यंत्रज्ञाकडून जास्त मागितलं. आपल्या शहराने येलिनेककडून घ्यावं ते हे.

१९२६ चं विलीनीकरण प्रेमापोटी झालं नाही. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत पैशाचा पाचोळा झाला होता, बँकांचा दट्ट्या होता आणि अमेरिकेची स्वस्त फोर्ड दाराशी उभी होती. दोन वर्षं आधी सहकार्याचा करार करून मग दोघी एकत्र आल्या. डायम्लर तेव्हा हयात नव्हता, कार्ल बेंझ १९२९ मध्ये गेला.

शंभरीच्या गौरवात एक काळं पान गाळता येणार नाही. नाझी काळात ही कंपनी युद्धसामग्री बनवत होती. १९४४ मध्ये तिच्या ६३ हजारांवर कामगारांपैकी जवळपास निम्मे वेठबिगार, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले बंदी होते. कंपनीने हे पुढे स्वतःच्या इतिहासात नोंदवलं, भरपाईही दिली. ताऱ्याकडे पाहताना ती माणसं आठवली पाहिजेत.

मुळगावकरांची पंधरा वर्षं

युद्धात बेचिराख झालेली ही कंपनी उभी राहत असतानाच इकडे टाटांची टेल्को जमशेदपुरात रेल्वेची वाफेची इंजिनं बनवत होती. रेल्वे हे एकच मोठं गिऱ्हाईक. त्याच्या भरवशावर कारखाना फार काळ चालणार नाही हे दिसत होतं. १९५४ मध्ये टेल्कोने डायम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपुरातून पहिला ट्रक बाहेर पडला. पुढे नाक काढलेला, नाकावर तारा मिरवणारा ‘टाटा मर्सिडीज-बेंझ’.

हे घडवणारे सुमंत मुळगावकर. १९०६ साली मुंबईत जन्म, लंडनमध्ये इंजिनिअरिंगचं शिक्षण, मग सिमेंटच्या धंद्यात एसीसीत काम. युद्धकाळात परदेशी यंत्रं येईनाशी झाली तेव्हा सिमेंटची यंत्रसामग्री देशात बनवण्याचा अनुभव त्यांनी गाठीशी बांधला आणि १९४९ मध्ये ते टेल्कोत आले. करार करायला कुणीही जातो. करार संपेल त्या दिवशी आपण कुठे असू, याचा विचार पहिल्या दिवसापासून करणारा माणूस विरळा. मुळगावकर तसे होते. सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथे बनू लागले, फाउंड्री आणि फोर्ज उभे राहिले, १९६१ मध्ये ट्रक श्रीलंकेला निर्यातही झाले. पुण्यात १९६६ मध्ये संशोधन केंद्र निघालं, म्हणजे करार चालू असतानाच स्वतःचा आराखडा स्वतः काढायची तयारी सुरू झाली.

१९६९ मध्ये करार संपला. ट्रकच्या नाकावरचा तारा उतरला आणि तिथे टाटांचा ‘टी’ बसला. रस्त्यावरच्या माणसाला फरक कळला तो एवढाच, कारण ट्रक तसाच पळत राहिला.

पुण्यात पिंपरीला मुळगावकरांनी जे केलं ते तर शिकण्यासारखंच आहे. साठच्या दशकाच्या मध्यावर जागा घेतली, पण ट्रक बनवायची घाई केली नाही. आधी मशीन टूल्सचा विभाग, म्हणजे यंत्रं बनवणारी यंत्रं. साचे आणि डाय बनवणारी टूल रूम. पोरांना घडवणारं प्रशिक्षण केंद्र. माळरानावर हजारो झाडं लावली, तळं केलं. पुण्यातून पहिलं व्यापारी वाहन बाहेर पडलं ते १९७७ मध्ये. दहा वर्षांहून अधिक काळ पाया भरण्यात घालवायला छाती लागते. त्या पायाचं फळ १९८६ मध्ये दिसलं. जपानी कंपन्यांचे हलके ट्रक एकामागून एक भारतात उतरत होते, तेव्हा टेल्कोने कुणाचाही परवाना न घेता ‘४०७’ आणला आणि जपान्यांना मागे टाकलं. मुळगावकर १९८९ मध्ये गेले. ‘सुमो’ हे गाडीचं नाव त्यांच्या नावातल्या आणि आडनावातल्या पहिल्या अक्षरांवरून आलंय. जपानी पैलवानाशी त्याचा संबंध नाही.

धुळे रस्त्यावरचं गणित

सुरतेशी याचा काय संबंध? हजिऱ्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५३, आपल्या तोंडी अजूनही ‘सहा नंबर’, बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर करत कोंडाईबारीचा घाट चढून धुळ्याला जातो. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसऱ्यातली बरीचशी मराठी वस्ती याच रस्त्याने नाहीतर ताप्ती लाईनने खानदेशातून इथे आली. आणि सुरतेचं कापड याच रस्त्याने उलट दिशेने खानदेश, विदर्भ आणि पुढे गेलं. रिंग रोडच्या मार्केटमधून निघालेल्या साड्यांच्या गाठी देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचल्या त्या ट्रकच्या फाळक्याआडून.

त्या ट्रकच्या पोटात काय होतं, हे महामार्गावरचा कोणताही जुना मिस्त्री सांगेल. ‘सहासत्त्याण्णव’. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. डायम्लर-बेंझच्या ओएम ३५२ इंजिनाचा बोअरही नेमका तेवढाच. गाडीला क्रमांक द्यायची रीतही त्याच घरची. १२१० म्हणजे एकूण वजन बारा टनांच्या घरात आणि ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास. १६१२ म्हणजे सोळा टन, एकशेवीस. मोठाल्या पदव्या नसलेल्या मिस्त्रींनी हे इंजिन पूर्ण खोललं, लायनर बदलले, नोझल साफ केले, पंप बांधला आणि रात्रीत गाडी घाटाला लावली. पाट्यांवर जादा पानं चढवून पासिंगपेक्षा जास्त माल ओढण्याची आपली वाईट खोडही त्या इंजिनाने सोसली. मानहाइम-श्टुटगार्टची विद्या सोनगढच्या गॅरेजपर्यंत अशी झिरपत आली. तंत्रज्ञानाचं खरं हस्तांतर मला इथे दिसतं. ते करारावरच्या सहीने पुरं होत नाही, मिस्त्रीच्या हाताला सवय झाली की होतं.

पुण्यातल्या फिरोदियांची कहाणीही याच धाग्यातली. १९५८ पासून त्यांच्या बजाज टेम्पोने हॅम्बुर्गच्या कंपनीच्या तंत्रावर तीनचाकी टेम्पो बनवला. बजाज टेम्पो आज फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते आणि चाकणला मर्सिडीजच्या भारतीय गाड्यांसाठी इंजिनं जुळवते.

पुन्हा आलेला तारा

अर्थव्यवस्था खुली झाली आणि १९९४ मध्ये मर्सिडीज परत आली, तीही टेल्कोचा हात धरूनच. १९९५ पासून पिंपरीच्या आवारात ई-क्लास जुळू लागली. २००९ मध्ये कंपनी चाकणच्या स्वतःच्या शंभर एकरांवर गेली आणि २०१० मध्ये डायम्लरने टाटा मोटर्समधला, म्हणजे जुन्या टेल्कोतला, आपला उरलेला हिस्सा विकून टाकला. छपन्न वर्षांचा संसार संपला. २०२२ मध्ये चाकणहून ईक्यूएस ही विजेवरची गाडी बाहेर पडली. २०२४ मध्ये कंपनीने देशात १९,५६५ गाड्या विकल्या. ट्रकचा धंदा मात्र २०२१ मध्ये जर्मनीतच वेगळा काढला गेला. भारतात तो २०१२ पासून चेन्नईजवळच्या ओरगडमहून ‘भारतबेंझ’ नावाने चालतो.

चाकणच्या कारखान्याचं मोल मी कमी लेखत नाही. हजारोंच्या घरात चूल पेटते, पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या मुलांना कंपनीने मेकॅट्रॉनिक्स शिकवलं. पण मुळगावकरांच्या काळाशी ताडून पाहिलं तर उणीव दिसते. जर्मनीतून येणारे भाग जुळवून गाडी उभी करणं हा उद्योग झाला. ती गाडी मुळातून आखायला शिकणं ही विद्या. १९५४ च्या करारात विद्येची मुदत ठरलेली होती. आजच्या व्यवहारात तशी मुदत कुणी मागत नाही.

आणि सुरतेलाही हाच प्रश्न विचारायला हवा. आपल्या कापडाच्या खात्यांत धडधडणारे वॉटरजेट लूम मोठ्या संख्येने चीनहून येतात. बिघडला तर भाग तिथूनच मागवायचा, नवं मॉडेल आलं की जुनं भंगारात. इतकी वर्षं एवढं कापड विणणाऱ्या शहराने स्वतःचा उत्तम लूम बनवला नाही, ही गोष्ट मला सलते. शहरात ती कुवत नाही असंही नाही. हिऱ्याच्या धंद्यात सुरतेच्या सहजानंद टेक्नॉलॉजीजने हिरे कापणारी लेझर यंत्रं इथे बनवून दाखवली. १९६१ पासून एक राष्ट्रीय दर्जाची अभियांत्रिकी संस्था शहरात आहे. भांडवल तर आहेच. कमी आहे तो येलिनेकसारखा हट्टाने मागणारा व्यापारी आणि मुळगावकरांसारखा दहा वर्षं थांबायला तयार असलेला इंजिनिअर.

ढोलकियांची भेट मनापासूनची होती, तिचं कौतुकच आहे. त्यापुढचं पाऊल म्हणून कापड आणि हिऱ्याच्या बड्या पेढ्यांनी एकत्र येऊन शहरात एक चांगली टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्र उभं करावं. उधना-लिंबायतच्या महापालिका शाळांतून मराठी माध्यमात शिकून बाहेर पडणारी पोरं आज लूमवर नाहीतर घंटीवर बसतात. त्यांना डाय बनवायला, यंत्र आखायला शिकवलं तर पुढची पिढी यंत्राची मालक होईल. आपल्या घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल तर दहावीनंतर आयटीआयचा टूल अँड डाय मेकरचा अभ्यासक्रम नक्की पाहा. मर्सिडीज विकत घेणारे सुरतेत पुष्कळ आहेत. तिच्या तोडीचं यंत्र बनवणारे आता इथे तयार झाले पाहिजेत.