पिंजऱ्यातील कोंबडी परसात आणताना

गोंदिया जिल्ह्यात धानाची कणी व कोंडा सहज उपलब्ध असल्याने परसातील कोंबडीपालन अल्प खर्चात होते. व्यापारी कुक्कुटशाळांतील अंड्यांच्या कोंबड्या साधारणतः ७२ ते ८० आठवड्यांच्या, वा त्याहून अधिक वयाच्या झाल्या की विकल्या जातात. पुढेही त्या काही काळ अंडी देतात.

परंतु अशी कोंबडी आणताच देशी कळपात सोडणे ही मोठी चूक होय. निरोगी दिसणाऱ्या पक्ष्यापासूनही मानमोडीसारखा रोग पसरून सारे खुराडे रिकामे होऊ शकते. म्हणून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जुन्या कळपास आधीच लस द्यावी. नव्या कोंबड्या ३ आठवडे दूर ठेवून त्यांना दाणापाणी सर्वांत शेवटी द्यावे.

पिंजऱ्यातील वास्तव्याने त्यांची हाडे ठिसूळ झालेली असतात. बसण्याची दांडी बुटकी ठेवावी व शिंपल्यांचा चुरा द्यावा; केवळ कणी-कोंड्यावर त्यांचे भागत नाही. रात्री मुंगूस व रानमांजरापासून खुराडे बंदिस्त असावे.

या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. पिलांसाठी देशी कोंबडीच हवी. म्हणून तिचे रक्षण हे पहिले कर्तव्य, हे ग्रामकार्यकर्त्यांनी घरोघरी पटवून द्यावे.