मोठ्याचें शेजारपण

जुन्या जालन्यांतून कुंडलिका ओलांडून नव्या शहरांत गेलें कीं सदर बाजार लागतो. हें नांव कां पडलें याचा विचार तेथील गर्दींतून वाट काढणाऱ्या मनुष्यास सहसा सुचत नाहीं. जेथें फौजेची छावणी तेथें तिच्या पोटासाठीं बसविलेला सदर बाजार, हा कंपनी सरकारच्या अमदानींतील सर्वत्रचा परिपाठ होता. आणि एकोणिसाव्या शतकांत जालन्यास अशी छावणी होती. फौज मित्राची म्हणवीत असे, तिच्यावरील अंमल इंग्रजांचा, आणि खर्च मात्र हैदराबादच्या खजिन्यांतला!

ही जुनी गोष्ट आज काढण्याचें कारण असें कीं, गेलीं कांहीं वर्षें मालदीव व मॉरिशस या दोन चिमुकल्या बेटराष्ट्रांविषयीं आपल्याकडे जें बोललें व लिहिलें जातें, तें वाचून आम्हांस आपल्याच गांवाचा विसर पडल्यासारखें वाटतें. "एवढेंसें बेट आणि एवढा माज" हा त्यांतील नेहमींचा सूर. लहान राज्यास मोठ्याच्या मैत्रीची किंमत काय पडते, हें ज्या मुलखानें दीडशें वर्षें मोजून दिलें, त्या मुलखांतल्या लोकांनीं तरी हा सूर काढूं नये.

तो हिशेब थोडक्यांत असा. १७९८ सालीं निजामानें फ्रेंच अंमलदारांच्या हाताखालील आपल्या पलटणी मोडून कंपनीची तैनाती फौज पत्करली. १८०० सालीं तिच्या खर्चापोटीं म्हैसूरच्या लढायांत मिळालेला मुलूख कंपनीस तोडून दिला. १८०३ सालीं कर्नल स्टीव्हन्सननें जालना घेतलें, आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेस, म्हणजे सप्टेंबरांत, आपल्याच जिल्ह्यांतील असईच्या रणावर शिंदे व भोसले यांच्या फौजांचा मोड झाला. पुढें निजामाच्या गळ्यांत आणखी एक फौज पडली, ती हैदराबाद कंटिंजंट. तिचा पगार वेळेवर भागेना, म्हणून हैदराबादच्या पामर आणि कंपनी या पेढीकडून जबर व्याजानें कर्ज काढावें लागलें. व्यापारी वाचकांस हें विशेष समजेल: फौज ठेवण्याचा आग्रह ज्यांचा, त्यांच्याच गोटांतील मंडळींचें त्या पेढीशीं साटेलोटें होतें, आणि ऋणको मात्र बिचारा दरबार. कर्ज फिटेना तेव्हां १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं झाला. १९०२ सालीं लॉर्ड कर्झननें तो सालीना २५ लाख रुपयांच्या मोबदल्यावर कायमच्या पट्ट्यानें घेतला. मुलूख निजामाचा, मालकी कागदावर!

आतां मॉरिशसकडे पाहूं. सारें बेट सुमारें दोन हजार चौरस किलोमीटरांचें; आपला जालना जिल्हा त्याच्या तिपटीहून मोठा. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. १८३४ पासून पुढें तेथील उंसाच्या मळ्यांसाठीं साडेचार लाखांच्या घरांत हिंदी मजूर कराराने नेले गेले. पोर्ट लुई येथील ज्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या ते चढले, तो घाट २००६ सालीं जागतिक वारशाच्या यादींत आला. त्या मजुरांत मुंबई बंदरांतून गेलेले कोंकणचे मराठी लोकही होते. त्यांच्या वंशजांनीं दगडाखालीं धरलेल्या रोपासारखी आपली भाषा जगविली. गणेशचतुर्थीस तेथें सार्वजनिक सुटी असते. कोंकणांतली झाकरी तेथें अजून नाचली जाते. शाळांतून मराठी शिकविली जाते, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत तिचें उच्च शिक्षणही मिळतें. १९६८ सालीं देश स्वतंत्र झाला तो १२ मार्च रोजीं, म्हणजे दांडीयात्रा ज्या तारखेस निघाली त्या तारखेस.

परंतु स्वातंत्र्य मिळण्यापूर्वींच त्याचा एक लचका तुटला होता. १९६५ सालीं इंग्लंडनें चागोस बेटें मॉरिशसपासून अलग केलीं व त्याबद्दल ३० लाख पौंड दिले. स्वातंत्र्याची बोलणीं चाललीं असतां घेतलेली ही संमति किती खुशीची होती हें सांगावयास नको. नंतर दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ उभारण्यासाठीं तेथील सुमारें दीड हजार रहिवाशांस घरेंदारें सोडावयास लाविलें. २०१९ च्या फेब्रुवारींत आंतरराष्ट्रीय न्यायालयानें ही फाळणी बेकायदेशीर असल्याचें मत दिलें, आणि मे महिन्यांत संयुक्त राष्ट्रांच्या महासभेंत ११६ विरुद्ध ६ मतांनीं ठराव झाला; हिंदुस्थान मॉरिशसच्या बाजूनें उभा राहिला. २२ मे २०२५ रोजीं इंग्लंडनें मॉरिशसशीं तह केला. त्यांतही दिएगो गार्सियाचा ९९ वर्षांचा पट्टा आहेच. वऱ्हाडचा पट्टा ज्यांस आठवतो, त्यांस ही भाषा नवी वाटणार नाहीं.

इंग्रजांस बोल लावणें सोपें आहे. आपण स्वतः काय केलें हें पाहणें जरा अवघड. १९८२ सालीं आपण मॉरिशसशीं दुहेरी कर टाळण्याचा करार केला. त्यान्वयें मॉरिशसच्या कंपनीनें येथले भाग विकून नफा मिळविला, तर त्यावर कर बसविण्याचा अधिकार मॉरिशसचा. आणि मॉरिशस तसा कर बसवीत नसे. झालें! त्या बेटावर नांवापुरत्या कंपन्यांचें पीक आलें, आणि परदेशी भांडवलांत मॉरिशसचा क्रमांक वर्षानुवर्षें पहिला लागूं लागला. तो पैसा सगळा उंसाच्या मळ्यांतला होता असें कोणीही मानूं नये. येथलाच पैसा वळसा घेऊन परत येतो, असा आरोप अनेक वर्षें होत राहिला. २००३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें करार उचलून धरला. शेवटीं २०१६ सालीं दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या भागांवरील नफ्याचा कर येथें लागूं झाला. चौतीस वर्षें लागलीं. ज्या दुकानदाराच्या वहीचा कोपरा न् कोपरा तपासला जातो, त्यानें मनांत काय म्हणावें? तरीही या प्रकरणीं मॉरिशसला "करचुकव्यांचें बेट" म्हणून हिणविणाऱ्यांस आमचा सवाल आहे कीं, दार त्यांनीं उघडें ठेविलें हें खरें, पण आंत शिरलें कोण?

दुसरा प्रश्न आगालेगाचा. मॉरिशसच्या मुख्य बेटापासून सुमारें अकराशें किलोमीटर उत्तरेस हीं दोन बेटें आहेत. वस्ती अवघी तीनशेंच्या आसपास. २०१५ सालच्या समझोत्यानुसार हिंदुस्थाननें तेथें मोठी धांवपट्टी व धक्का बांधून दिला, आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजीं दोन्ही पंतप्रधानांच्या हस्तें त्यांचें उद्घाटन झालें. सागरी चांचेगिरी, तस्करी व परकीय नौदलांची ये-जा पाहतां अशा सोयीची गरज आम्ही नाकारीत नाहीं. मॉरिशस सरकारनें हा लष्करी तळ नव्हे असें वारंवार सांगितलें आहे. परंतु चागोसची हकीकत ज्या लोकांच्या घरोघरीं माहीत आहे, त्यांनीं धांवपट्टीकडे पाहून शंका घेतली तर त्यांस शत्रूचे हस्तक म्हणून उडवून लावणें अन्यायाचें होय. या समझोत्याच्या सर्व अटी दोन्ही देशांच्या लोकांपुढें मोकळेपणानें मांडाव्या, ही मागणी आम्ही येथूनही करतों. गुप्त कलमांचे तह दख्खननें पुष्कळ पाहिले आहेत.

मालदीवच्या बाबतींत आपल्या पदरीं एक खरोखर भूषणास्पद गोष्ट आहे. ३ नोव्हेंबर १९८८ रोजीं भाडोत्री बंडखोरांनीं माले शहर ताब्यांत घेतलें, अध्यक्ष गयूम यांनीं मदत मागितली, आणि त्याच रात्रीं आग्र्याहून निघालेलें आपलें छत्रीसैन्य तेथें उतरलें. बंड मोडलें. त्याहून महत्त्वाचें हें कीं बहुतेक सैन्य लवकरच माघारीं आलें. उरलेली छोटी तुकडीही कायम राहिली नाहीं. मागें सदर बाजार बसला नाहीं कीं वऱ्हाड लिहून घेतला गेला नाहीं. डिसेंबर २०१४ मध्यें मालेचा पाणी गोडें करण्याचा कारखाना जळाला, तेव्हां आपलीं विमानें व जहाजें पाणी घेऊन गेलीं.

मग २०२३ सालीं तेथील निवडणूक "हिंदी सैनिक परत पाठवूं" या वचनावर कां जिंकली गेली? देणगी दिलेल्या हेलिकॉप्टरांसाठीं व विमानासाठीं राहिलेले ते सैनिक शंभराच्या आंत होते. परंतु लहान घरांत मोठ्या शेजाऱ्याचा एक माणूस जरी ओसरीवर मुक्कामास राहिला, तरी घरच्यांस दार लावतां येत नाहीं. १० मे २०२४ पर्यंत सैनिक परतले व त्यांच्या जागीं बिनलष्करी तंत्रज्ञ गेले. काम अडलें नाहीं. हें आधींच केलें असतें तर काय बिघडलें असतें?

दरम्यान जानेवारी २०२४ मध्यें तेथील तीन उपमंत्र्यांनीं आपल्या पंतप्रधानांविषयीं अनुदार उद्गार काढले. त्यांस निलंबितही करण्यांत आलें. पण इकडे बहिष्काराची लाट उसळली. २०२३ सालीं मालदीवच्या प्रवाशांत हिंदी लोकांचा क्रमांक पहिला होता, तो पुढच्या वर्षीं राहिला नाहीं. परदेशी कापडाची होळी करणारा बहिष्कार बलवानाविरुद्ध दुबळ्याचें हत्यार होता. दीडशें कोटींच्या राष्ट्रानें पांच लाखांच्या बेटावर तें उगारणें यांत कसला पुरुषार्थ?

सरकारनें मात्र, हें नमूद करणें अवश्य आहे, या रागास व्यापारावर चढूं दिलें नाहीं. १९८१ च्या व्यापारी कराराप्रमाणें मालदीवला जीवनावश्यक माल ठरीव प्रमाणांत जातो. २०२४-२५ सालासाठीं ३५ हजार टनांवर कांदा, सुमारें सव्वा लाख टन तांदूळ व ४२ कोटींवर अंडीं यांस मोकळीक मिळाली. करार झाल्यापासूनचें हें सर्वांत मोठें प्रमाण. ऑक्टोबर २०२४ मध्यें अध्यक्ष मुइझ्झू दिल्लीस आले, आणि जुलै २०२५ मध्यें आपले पंतप्रधान मालेच्या स्वातंत्र्यदिनास गेले व ४,८५० कोटी रुपयांचें कर्ज जाहीर झालें. कर्जाच्या अटी सौम्य असाव्या आणि फेड न झाल्यास बेटावर नजर जाऊं नये, एवढी खबरदारी आपण पामरच्या पेढीवरून शिकावी.

कांद्याविषयीं एक तक्रार येथेंच सांगून टाकतों. ८ डिसेंबर २०२३ रोजीं निर्यातबंदी झाली तेव्हां मित्रराष्ट्रांस ठराविक कांदा जात होता आणि आमचा शेतकरी पडत्या भावानें आडत्याच्या ओट्यावर बसला होता. बंदी उठली ती ४ मे २०२४ रोजीं. शेजाऱ्यास दिलेला शब्द पाळलाच पाहिजे. पण त्या शब्दाचा खर्च सरकारी तिजोरींतून व्हावा, एकट्या कुणब्याच्या गोणींतून नव्हे.

एप्रिल २०२३ मध्यें मॉरिशसांत शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला व आपले तेव्हांचे उपमुख्यमंत्री त्या समारंभास गेले, याचा आनंद सर्वांस झाला. आतां आपल्या नगरवाचनालयांनीं तेथील मराठी शाळांस दर वर्षीं एक पेटी पुस्तकें पाठवावीं आणि तेथील मराठी लेखकांचीं पुस्तकें मागवून आपल्या कपाटांत ठेवावीं. जालन्याच्या व्यापाऱ्यांनीं मनावर घेतलें तर पहिली पेटी याच गणेशोत्सवापूर्वीं मुंबईस रवाना होऊं शकेल. खर्च एका मंडपाच्या रोषणाईहूनही कमी आहे.