विश्लेषण : एका झाडातून गांजा किती निघतो? बंद खोलीतील उत्पादनाचे गणित कसे मांडतात?

बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशांच्या सामानातून ‘हायड्रोपोनिक वीड’ जप्त केल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत नित्याच्या झाल्या आहेत. हा गांजा शेतातला नसतो. तो दिव्यांखाली, वातानुकूलित खोलीत वाढवलेला असतो. कॅनडात अशी लागवड परवाना घेऊन राजरोस चालते. नेदरलँड्समध्ये पोलीस छापे घालून ती उखडून टाकतात. पण परवाना देणारा अधिकारी असो की छापा घालणारा पोलीस, दोघांनाही एकच प्रश्न पडतो : या खोलीतून माल किती निघणार? त्या उत्तरावर एका देशात रुग्णाला किती झाडे लावता येतील हे ठरते, तर दुसऱ्या देशात आरोपीकडून किती रक्कम वसूल करायची ते. भारतात तर वजनाच्या आकड्यावर तुरुंगवासाची वर्षे ठरतात.

बंद खोलीत पीक कसे घेतात?

गांजाचे झाड दिवस-रात्रीच्या लांबीवर फुलोरा धरते. दिवसाला साधारण १८ तास उजेड मिळाला की ते नुसते वाढत राहते. उजेड १२ तासांवर आणला की फुलोऱ्याला सुरुवात होते आणि पुढे आठ ते दहा आठवड्यांत पीक काढणीला येते. शेतात हे काम ऋतू करतो, खोलीत ते टायमर करतो. त्यामुळे वर्षात एकऐवजी तीन किंवा त्याहून जास्त पिके घेता येतात. फक्त मादी झाडे ठेवली जातात, कारण परागण झाले की झाडाची ताकद बियांकडे जाते. ‘हायड्रोपोनिक’ हा शब्द मात्र बातम्यांत सैलपणे वापरला जातो. अशा अनेक खोल्यांत झाडे नुसत्या पाण्यात नव्हे, तर नारळाच्या भुश्यात वाढवलेली असतात.

काढणीनंतरचे वजनही फसवे असते. ताजा फुलोरा वाळल्यावर त्याचे वजन चौथ्या-पाचव्या हिश्शावर येते. एक किलो ओल्या फुलोऱ्यातून हाती लागतो तो २००-२५० ग्रॅम माल.

कॅनडाचे सरकारी सूत्र काय?

कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी गांजा कायदेशीर केला. मात्र वैद्यकीय कारणासाठी स्वतःपुरती लागवड करण्याची सोय त्याआधीपासून आहे. डॉक्टर दिवसाला किती ग्रॅम ते लिहून देतो आणि त्यावरून झाडांची संख्या काढली जाते. हे सूत्र असे मानते की खोलीतले एक झाड एका पिकात ३० ग्रॅम सुका माल देते आणि वर्षात तीन पिके होतात. दिवसाला एक ग्रॅम लागत असेल तर वर्षाला ३६५ ग्रॅम. त्याला ९० ने भागायचे आणि नासधूस धरून २० टक्के वाढवायचे. उत्तर ४.८७ येते, म्हणजे पाच झाडे. हेच उघड्यावर लावायचे तर झाडामागे २५० ग्रॅम आणि वर्षाला एकच पीक धरतात. तिथे दोन झाडे पुरतात.

आता यातली गोम पाहा. डॉक्टरने दिवसाला २० ग्रॅम लिहून दिले तर परवाना सुमारे ९७ झाडांचा होतो. एखाद्याने चांगले दिवे लावून झाडामागे ३० ऐवजी ६० ग्रॅम काढले, तर झाडांची संख्या नियमातच राहते, पण माल दुप्पट होतो. हा वरचा माल चोरट्या बाजारात जाण्याची वाट सूत्रानेच मोकळी ठेवली आहे. रोजच्या मोठ्या मात्रांच्या शिफारशींबद्दल तिथल्या आरोग्य खात्याने जाहीर चिंता व्यक्त केली, त्यामागे हेच गणित आहे. दुसरीकडे ज्या रुग्णाची झाडे कमी उजेडात खुरटली, त्याचे औषध मात्र वर्ष संपण्याआधीच संपते.

नेदरलँड्समध्ये २८.२ ग्रॅमचा हिशेब कसा लावतात?

डच सरकारी वकील बेकायदा लागवडीतून झालेली कमाई आरोपीकडून वसूल करण्याची मागणी करतात. छाप्यात झाडे सापडतात, पण आधीची पिके विकून झालेली असतात. मग अंदाज बांधावा लागतो. त्यासाठी ठरवलेल्या प्रमाणात एका चौरस मीटरमध्ये १५ झाडे असतील तर झाडामागे २८.२ ग्रॅम धरतात, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४२३ ग्रॅम. त्याला बाजारभावाने गुणून खर्च वजा केला जातो. याआधी किती पिके निघाली हे कळावे म्हणून पोलीस पाण्याच्या टाकीवर साचलेला क्षार आणि हवेच्या फिल्टरवरची धूळ पाहतात. बचाव पक्ष अर्थातच हे पहिलेच पीक होते, दिवे जुने होते, रोग पडला होता, असे सांगतो. ग्रॅमचा प्रत्येक आकडा इथे युरोत मोजला जात असल्याने वाद जुंपतो.

बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रत्यक्ष लागवड करून हे तपासले. खोलीतील उत्पादनाची खालची मर्यादा त्यांनी चौरस मीटरला ५७५ ग्रॅम अशी काढली. झाडामागे नव्हे, क्षेत्रामागे मोजा, हा त्यांच्या कामातला महत्त्वाचा मुद्दा. त्याच जागेत झाडे वाढवली तर प्रत्येक झाडाला उजेड कमी मिळतो आणि झाडामागचे वजन घटते. एकूण माल फारसा बदलत नाही. आपल्याकडे पीक कापणी प्रयोगात ठरावीक मापाचा तुकडा कापून हेक्टरी उत्पादकता काढतात, ताटे मोजत बसत नाहीत, त्यामागेही हाच विचार आहे. तरीही जगभरचे कायदे झाडेच मोजतात. कारण साधे आहे : झाडे मोजायला कुणीही शिपाई चालतो.

उत्पादन वाढते कशाने?

मुख्यतः उजेडाने. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या २०२१ मधील प्रयोगात दिव्यांची तीव्रता टप्प्याटप्प्याने वाढवत नेली, तेव्हा सुक्या फुलोऱ्याचे वजन चौरस मीटरला ११६ ग्रॅमवरून ५१९ ग्रॅमवर गेले, म्हणजे जवळपास साडेचार पट. वाढ जवळजवळ सरळ रेषेत होती. नशेच्या द्रव्याचे प्रमाण मात्र उजेड वाढवूनही बदलले नाही. ‘जास्त दिवे म्हणजे जास्त कडक माल’ हा समज त्यामुळे टिकत नाही. कडकपणा प्रामुख्याने वाणावर ठरतो. खोलीत कार्बन डायऑक्साइड सोडण्याचा उपायही परवानाधारक वापरतात, पण तो भरपूर उजेड असेल तरच उपयोगी पडतो.

उत्पादन बुडवणारी गोष्ट म्हणजे दमटपणा. भरगच्च फुलोऱ्याच्या पोटात बुरशी धरते आणि काढणीच्या तोंडावर सगळे सडते. द्राक्षबागायतदारांना भुरीचा धाक काय असतो हे वेगळे सांगायला नको. बंद खोलीत तो बारमाही असतो.

‘वॉटमागे एक ग्रॅम’ हा निकष खरा का?

या धंद्यातला हा लाडका आकडा आहे. ६०० वॉटच्या दिव्याखाली ६०० ग्रॅम माल निघाला की पीक उत्तम. पण वॉट ही वीज ओढण्याची गती आहे, वापरलेली वीज नव्हे. तोच दिवा ६० दिवस जळला की ७५ दिवस, हे त्यात येतच नाही. खरा हिशेब युनिटचा. ६०० वॉटचा दिवा रोज १२ तास ६० दिवस चालला तर ४३२ युनिट होतात. त्यातून अर्धा किलो माल निघाला, तर किलोमागे ८६४ युनिट. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराची ही साडेआठ महिन्यांची वीज झाली आणि यात एसी, पंखे, हवेतील ओल शोषणारी यंत्रे धरलेलीच नाहीत. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या २०२१ मधील अभ्यासाने अमेरिकेत एक किलो सुक्या फुलोऱ्यामागे २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होत असल्याचे काढले. ठिकाणाप्रमाणे हवामान आणि विजेचा स्रोत बदलतो, म्हणून एवढा फरक.

भारतात काय मोजले जाते?

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने (एनडीपीएस) परवान्याशिवाय गांजाची लागवड हाच गुन्हा आहे. कुंडीत एक झाड असले तरी कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. त्यातून किती माल निघाला असता हा प्रश्नच येत नाही. जवळ बाळगण्याच्या गुन्ह्यात मात्र वजन निर्णायक ठरते. एक किलोपर्यंत अल्प मात्रा, २० किलोच्या वर व्यापारी मात्रा. व्यापारी मात्रेला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे, शिवाय जामिनाच्या अटी कडक.

वजन कशाचे करायचे यावरच मग खटले अडतात. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुले-फळे धरलेले शेंडे. शेंड्यांपासून वेगळा झालेला पाला आणि बिया त्यात येत नाहीत. प्रत्यक्षात पंचनाम्यात काड्या, पाला, बिया यांसकट गोणी तोलली जाते. २२ किलोच्या गोणीतून हे वगळले तर आकडा २० च्या खाली येऊ शकतो आणि शिक्षेचे कलमच बदलते. मुंबई उच्च न्यायालयाने काही प्रकरणांत या मुद्द्यावर जामीन दिला आहे.

विमानतळावर सापडणाऱ्या मालाबाबत हा बचाव फारसा चालत नाही. दिव्याखाली वाढवलेला फुलोरा पाला छाटून, वाळवून, हवाबंद पाकिटात भरलेला असतो. त्यातून वगळण्याजोगे काहीच उरत नाही आणि काट्यावर दिसते ते जवळपास सगळे वजन गांजाचेच असते. हा माल शेतातल्या गांजापेक्षा कितीतरी महाग आणि सहसा अधिक कडक असतो, तरी कायद्यातील किलोच्या मर्यादा दोघांना त्याच आहेत.