सूर्य झालेला ड्यूक

जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक चित्रसंग्रह हाती लागला. घरी येऊन चाळू लागलो, तो एका मिरवणुकीने मला भिंग शोधायला लावले! अजस्र रथ, देवदेवतांची सोंगे, आणि एका चित्रात तर साक्षात सूर्यनारायण. हा सूर्य म्हणजे लोरेनचा ड्यूक चौथा शार्ल.

गोष्ट १६२७ च्या फेब्रुवारीतली. कार्डिनल रिशल्यूविरुद्धच्या कटामुळे फ्रान्समधून परागंदा झालेली शव्हरूझची डचेस नान्सीला आली होती. तिच्या मनोरंजनासाठी राजवाड्यात सरदारांची लुटुपुटीची लढाई झाली. मध्ये कठडा आणि दोन्हीकडे योद्धे. पण खरी गंमत लढाईची नव्हे, योद्धे ज्या थाटाने आत आले त्याची! तो थाट जाक कालो या नान्सीच्याच कलावंताने तांब्याच्या पत्र्यावर उतरवला.

पत्र्यावर लेप द्यायचा, त्यावर सुईने चित्र कोरायचे आणि पत्रा तेजाबात सोडायचा. उघडी पडलेली रेघ तेवढी खाल्ली जाते. मेणाचा लेप मऊ, तो दगा देई. कालोने तंतुवाद्यांचे कारागीर वापरीत ते टणक रोगण घेतले, आणि तिरप्या टोकाची एक सळई. ती फिरवली की रेघ बारीक होते, फुगते. म्हणून तर नखाएवढ्या माणसालाही ऐट आहे!

सारे खरे, पण माझ्या मनात आले, हा तर दरबारचा भाट!

पुढली काही पाने उलटली आणि ओशाळलो. १६३३ ची अठरा छोटी चित्रे, युद्धाच्या हालअपेष्टांची. एका झाडाला लुटारू शिपायांची प्रेते लोंबताहेत, शिडीवर पाद्री क्रूस धरून उभा आहे, आणि बुंध्याशी नगाऱ्यावर फासे टाकून जुगार चालला आहे. रेघ तीच, हात तोच, तीच नखाएवढी माणसे.

त्याच वर्षी तेराव्या लुईने नान्सी घेतली. त्या विजयाचे चित्र काढ, असे त्याने कालोला सांगितले, तेव्हा त्यापेक्षा अंगठा तोडून घेईन, असे उत्तर मिळाले, अशी आख्यायिका आहे. १६३४ च्या जानेवारीत सूर्य झालेल्या ड्यूकने गादी भावाच्या स्वाधीन केली. पुढच्याच वर्षी कालो वारला.

मी पाने मागे उलटून पुन्हा मिरवणुकीवर भिंग धरले. या खेपेस सूर्याकडे पाहिलेच नाही.