सडपातळ देहातील इन्सुलिन प्रतिरोध

वैनगंगेच्या खोऱ्यातील बालाघाट हा धानाचा जिल्हा आहे. तेथील रोवणी-कापणीच्या कष्टांत भातातील पिष्ट खर्ची पडते. मात्र कष्ट घटले आणि ताटातला भात तेवढाच राहिला, तर उरलेली ऊर्जा चरबीच्या रूपाने साठते आणि इन्सुलिन प्रतिरोधाला वाव मिळतो.

जेवणानंतर रक्तात ग्लुकोज वाढले की स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन हे संप्रेरक सोडतात. ते स्नायुपेशीवरील ग्राहीला, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाला, जोडले जाताच पेशीच्या आतील ग्लुकोजवाहक प्रथिने पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोज आत घेतात. यकृताला मात्र हेच संप्रेरक नवे ग्लुकोज तयार करण्यापासून आवरते. यकृतात व स्नायूंत चरबी साचली की ग्राहीपासून पुढे जाणारा हा संदेश क्षीण होतो, आणि यालाच इन्सुलिन प्रतिरोध म्हणतात. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन स्रवून ही उणीव भरून काढते, त्यामुळे तपासणीत साखर वर्षानुवर्षे प्रमाणात दिसू शकते. परंतु त्याच काळात ट्रायग्लिसराइड ही रक्तातील चरबी आणि रक्तदाब वाढू लागतात, आणि मानेवरची त्वचा काळवंडून मखमलीसारखी जाड झाली तरी ती मळ समजून घासली जाते. पुढे बीटा पेशी अपुऱ्या पडल्या की टाइप २ मधुमेह प्रकट होतो.

हा विकार केवळ लठ्ठ माणसांचा नव्हे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे मांडली : उंचीच्या तुलनेत वजन सांगणारा देहभार निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांच्या अभ्यासातही, ती ब्रिटिश बालकांहून बरीच हलकी असूनही त्यांच्यात चरबी त्या मानाने टिकून असल्याचे आढळले.

म्हणून काट्यावरील वजनाइतकाच कमरेचा घेर महत्त्वाचा असून, पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा तो अधिक असल्यास तपासणी करून घ्यावी. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनवाचूनही ग्लुकोज ओढून घेतो. त्यामुळे रोजचे भरभर चालणे, ताटात भात कमी करून डाळ व भाजी वाढवणे आणि पोटाची चरबी उतरवणे या उपायांनी प्रतिरोध बऱ्याच अंशी मागे हटवता येतो, आणि साखर वाढण्याआधीच ते सुरू करणे सर्वांत लाभदायक ठरते.