काळ्या रंगाचे सत्तर मायक्रॉन

संध्याकाळी सात वाजता वाकडच्या भूमकर चौकात अडकलात, तर शेजारच्या गाड्यांची चाकं बघण्यापलीकडे फारसं काही हातात उरत नाही. नाशिकची थार, आकुर्डीच्या फोर्सची गुरखा, क्वचित 2021पासून रांजणगावात जोडली जाणारी रँग्लर. शोरूममधून निघताना चंदेरी असलेली त्यांची अलॉय व्हील्स वर्षभरात काळी झालेली दिसतात. मागोमाग नटही काळे होतात. माझं एक निरीक्षण असं, की कधीही चिखलात न उतरलेल्या गाडीची चाकं सर्वांत आधी काळी होतात. नवीन बाळाला तीट लावतात तसंच ते असावं.

हा काळा रंग म्हणजे मुळात काजळच. तुपाच्या दिव्यावर ताटली उपडी धरून आजी जे धरायची, त्याचंच कारखान्यातलं भावंड म्हणजे कार्बन ब्लॅक. त्याचे मूळ कण मीटरच्या अब्जांश भागांत मोजावे लागतात. टायर काळा दिसतो तोही त्याच्याचमुळे. म्हणजे चाक काळं करणारा माणूस रबर आणि धातू एकाच काजळात बुडवत असतो.

हे काजळ चाकावर चढतं ते बहुधा पावडर कोटिंगने, म्हणजे कोरडी रंगीत पावडर चिकटवून भट्टीत भाजून. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात ही कामं चालतात. काम सुरू होतं ते जुना रंग उतरवण्यापासून. इथे लोखंडाची सवय झालेला हात घात करू शकतो. लोखंडी जाळ्या कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवून स्वच्छ होतात, पण ॲल्युमिनियमला सोडा खातो, बुडबुड्यांतून हायड्रोजन सुटतो आणि चाकाची कड झिजते. म्हणून हलका ब्लास्ट करतात किंवा ॲल्युमिनियमला चालणारं रसायन वापरतात.

मग येते पावडरची गन. तिच्या टोकाशी 60 ते 100 हजार व्होल्ट असतात, मात्र प्रवाह अगदी नगण्य. भारित झालेले कण अर्थिंग केलेल्या चाकाकडे ओढले जाऊन चिकटतात. पण विद्युतक्षेत्राच्या रेषा कडांवर गर्दी करतात आणि दोन आऱ्यांमधल्या खोल कोपऱ्यात शिरायला नाखूश असतात. मायकेल फॅरेडेने 1836मध्ये धातूच्या जाळीच्या खोलीत बसून दाखवलेली हीच गोष्ट. त्यामुळे कडेवर थर जाड बसतो आणि कोपरा उपाशी राहतो. जाणता कारागीर तिथे व्होल्टेज उतरवतो, गनचा कोन बदलतो. पैसे देण्याआधी टॉर्च लावून तो कोपरा बघावा. समुद्राकाठच्या वाळूत फिरून आलेल्या गाडीचं मीठ तिथूनच आत शिरतं.

यानंतर भट्टी. 180 ते 200 अंशांवर पावडर वितळते, पसरते आणि तिच्या रेणूंची एकमेकांशी गाठ बसते. उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होत नाही, तसा हा थर पुन्हा वितळत नाही. जाडी साधारण 60 ते 80 मायक्रॉन, म्हणजे एका केसाएवढी.

पण भट्टीत रंगाबरोबर चाकही तापतं. बहुतेक ओतीव अलॉय चाकं ए-356 नावाच्या मिश्रधातूची असतात. ॲल्युमिनियममध्ये सुमारे 7 टक्के सिलिकॉन आणि त्यात 0.3 टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम. चिमूटभर मॅग्नेशियमचं काम मोठं आहे. चाक 540 अंशांच्या आसपास तापवून झटकन थंड करतात, मग 155 ते 170 अंशांवर काही तास मुरवतात. या मुरण्यात मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि धातूला ताकद देतात. असं मुरणं जर्मनीत आल्फ्रेड विल्मला 1906मध्ये योगायोगाने सापडलं. त्याचा मिश्रधातू तांब्याचा होता, आणि तो नुसता ठेवून दिला तरी दोन दिवसांत कडक झाला.

आता आकडे शेजारी ठेवून बघा. मुरवण्याचं तापमान 170 आणि रंग भाजण्याचं 200. लाडवाच्या पाकासारखंच आहे हे, वेळ टळली की हातचं गेलं. जास्त तापलं तर ते कण फुगून विरळ होतात आणि धातू मऊ पडतो. वीस मिनिटांच्या एका भाजणीने आकाश कोसळत नाही. पण प्रायमर, काळा थर, वरचा क्लिअर अशा तीन भाजण्या, त्यात घाई म्हणून भट्टी 230वर, हा हिशेब वेगळा. भट्टीवरचा आकडा हवेचा असतो, धातूचा नव्हे. मधला जाड भाग उशिरा तापतो आणि पातळ आरे केव्हाच पुढे गेलेले असतात. चाक मऊ झालंय हे डोळ्यांना दिसत नाही. ते ताम्हिणी घाटातल्या एखाद्या खड्ड्यात कळतं.

आणि सगळ्यात गमतीची जागा नटाखाली आहे. नट आवळतो तेव्हा स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो आट्यांचा दांडा, ताणला जातो, स्प्रिंगसारखा. तो ताणच चाक हबवर दाबून धरतो. आपण पान्याला लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा भाग ताणात जातो, बाकीचा नटाच्या बैठकीत आणि आट्यांत घर्षणाला वाहिला जातो. बारा मिलिमीटरच्या स्टडवर 110 न्यूटन-मीटर टॉर्क लावला तर ढोबळ हिशेबाने साडेचार टनांच्या आसपास दाब येतो. आणि एवढ्या ताणाने स्टड लांबतो किती? मोकळा भाग तीन सेंटिमीटर धरला, तर 70 ते 80 मायक्रॉन.

म्हणजे रंगाच्या थराएवढाच!

नटाच्या शंकूसारख्या बैठकीत किंवा चाकाच्या मागच्या सपाट भागावर रंग राहिला, तर तापलेल्या ब्रेकशेजारी तो हळूहळू दबतो, सरकतो. तो जेवढा दबेल तेवढा ताण गेला. नट हललेला नसतो, तरी सैल झालेला असतो. म्हणून चांगल्या दुकानात गन हातात घेण्याआधी या जागा टेप आणि रबरी बुचांनी झाकतात. मी तर दुकान निवडताना रंगाची चमक बघत नाही, बुचांचा डबा बघतो.

आट्यांना ग्रीस लावणं ही उलटी चूक. घर्षण घटलं की त्याच टॉर्कला ताण दीडपटीपर्यंत जाऊ शकतो, आणि स्टड कायमचा लांबतो.

मग नट काळे करायचे कसे? ब्लॅक ऑक्साइड हा जुना उपाय. 140 अंशांच्या आसपासच्या क्षारीय द्रावणात लोखंडाच्या पृष्ठभागाचंच मॅग्नेटाइट होतं, जेमतेम मायक्रॉनभर जाडीचं, त्यामुळे बैठकीला धोका नाही. पण तेलाचा हात नसेल तर आपल्या पावसाळ्यात ते लोखंडी तव्यासारखं गंजतं, आणि तेल आट्यांत गेलं की पुन्हा वरचाच प्रश्न. स्टडच्या वाटेला तर जाऊच नये. मुलाम्याआधी ते ॲसिडमध्ये बुडवले, तर कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि स्टड पुढे भाराखाली अचानक तडकू शकतो. मूळ नट तसेच ठेवून वर काळ्या प्लॅस्टिकच्या टोप्या बसवणं दिसायला जरा स्वस्त, पण मला तेच पटतं.

काळ्या चाकाने ब्रेक लवकर थंड होतात, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. अठराशे किलोची गाडी ताशी 80 किलोमीटरवरून थांबवली, तर सव्वा लिटर पाणी उकळीला यावं एवढी उष्णता निघते खरी. पण ती मुख्यतः वारा नेतो. उष्णतेच्या अवरक्त किरणांपुरतं बोलायचं तर पांढरा रंगही जवळजवळ काळ्याएवढाच काळा असतो. फरक पडतो तो रंगवलेल्या आणि नुसत्या चकचकीत धातूत. काळ्या चाकाचा खरा फायदा एवढाच, की ब्रेकची काळी भुकटी त्यावर दिसत नाही.

चाकं बसवताना गनने धाडधाड न आवळता टॉर्क रेंच मागावा, आकडा गाडीच्या पुस्तिकेतला घ्यावा, आणि नट समोरासमोरच्या क्रमाने घ्यावेत. 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. वाकडहून निघालात तर हे अंतर लोणावळ्यापाशी भरत येतं. तिथे आधी चहा घ्या. चाकं हाताला गार लागली की मगच पाना काढा.