नाल्यात ओतलेले शिसे जाते कुठे?

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. मग खाडीच्या गाळातील विषाशी आपला काय संबंध, असे व्यापारी बांधव विचारतील. संबंध आहे. जिल्ह्याच्या सीमेवरील पैनगंगा वर्धेला मिळते आणि ते पाणी प्राणहिता व गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला जाते.

शिसे, क्रोमियम, पारा हे जड धातू कुजत नाहीत. ते मातीच्या बारीक कणांना चिकटतात व पाणी संथ झाले की तळाशी बसतात. खाडीत खाऱ्या पाण्यामुळे कणांच्या गुठळ्या होतात, म्हणून तिथे गाळ अधिक साचतो. कारखान्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे पोटात घेणाऱ्या ठाणे खाडीच्या गाळात हे धातू आढळले आहेत. तिथून ते शिंपल्या-खेकड्यांत आणि माणसाच्या ताटात येऊ शकतात.

मात्र आपले शिसे समुद्र गाठण्याआधी गल्लीतल्या नाल्यात, गावतळ्यातच बसू लागते. पहिला फटका आपल्याच मुलांना. शिशाने त्यांच्या मेंदूची वाढ खुंटते.

म्हणून बॅटरीचे काम करणाऱ्या कारागिरांना आमचे सांगणे आहे: जुन्या बॅटरीतील आम्ल नाल्यात ओतू नका, प्लेटा घराशेजारी वितळवू नका. फोडून विकल्यास चार पैसे जास्त मिळत असतील. पण दवाखान्याचा खर्चही हिशेबात धरा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा बॅटरी अखंडच ठेवा आणि नोंदणी असलेल्यालाच द्या.